एकलकोंडा या शब्दाची नोंद

१

आमच्या शब्दकोशाचं काम सुरू होऊन बत्तीस वर्षं झाली होती आणि आम्ही जेमतेम ‘ए’पर्यंत आलो होतो. "‘ज्ञ’ला पोहोचलात की आमच्या खापरपणतूंना कळवा," असं आमच्या टायपिस्टबाईंचे यजमान म्हणायचे आणि बाई तो विनोद दर आठवड्याला नव्याने सांगायच्या. आम्हीही दर आठवड्याला नव्याने हसायचो. तीन टेबलं, तीन माणसं. हसलं नाही तर सकाळ सरत नाही.

तिसरे म्हणजे मोठे संपादक. लहान संपादक कोणीच नव्हतं, पण नाव पडलं ते पडलं. एक अख्खी भिंत लाकडी खणांची होती आणि खणांत चिठ्ठ्या. पूर्वी कधीतरी वाचकांना आवाहन केलं होतं की शब्द, त्याचा अर्थ आणि कानावर पडलेलं एक वाक्य लिहून पाठवा. पोत्यांनी चिठ्ठ्या आल्या होत्या. एका शब्दाच्या चिठ्ठ्या एकत्र करायच्या, अर्थ ठरवायचा, शब्द कुठून आला ते शोधायचं आणि नोंद लिहायची, हे माझं काम. माझ्याकडे ‘एक’पासूनचे शब्द होते. मोठं गोतावळ्याचं घराणं ते. एकटा, एकाकी, एकांडा, एकुलता. त्या मंगळवारी मी ‘एकलकोंडा’वर आले.

"कोंडा म्हणजे धान्य चाळून झाल्यावर उरतो तो," मोठे संपादक चहा ढवळत म्हणाले. "सगळ्यांतून गाळून एकटा उरलेला. छान बसतं."

"छान बसतं म्हणून खरं ठरत नाही," मी म्हटलं. "मला ‘कोंडणे’ वाटतं. एकला कोंडलेला."

"कोंडा नसेलच तो, कोयंडा असेल," टायपिस्टबाई म्हणाल्या. "आमचे दीर बघा. जेवायला हाक मारली की दाराच्या फटीतून हात बाहेर येतो. लग्नाला सहा वर्षं झाली, मी अजून त्यांचा दुसरा हात पाहिलेला नाही."

मोठे संपादक हसले नाहीत. त्यांचं मन शब्दात अडकलं होतं.

"‘कोंडलेला’ म्हटलं की कर्ता आला," ते म्हणाले. "कोंडवाड्यात गाय स्वतः जाऊन कडी लावून घेत नाही. मग याला कोंडतंय कोण?"

"स्वतःच स्वतःला."

"तसा पुरावा दाखवा. चिठ्ठ्या बघा."

२

सात चिठ्ठ्या निघाल्या. सहा अगदी अपेक्षेप्रमाणे. ‘कोणात न मिसळणारा.’ ‘लहानपणापासूनच तो एकलकोंडा.’ ‘सुनेचा स्वभाव जरा एकलकोंडा आहे’, यात लिहिणारी सासू असणार हे अक्षरावरूनच कळत होतं.

सातवी जांभळ्या शाईत होती. अक्षर सरळ, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही.

‘अर्थ: एकटा राहणारा नव्हे. एकटा ठेवलेला.

वाक्य: दुपारी बाहेरून कडी लागली, की आपण ओळखावं.’

खाली नावाच्या जागी नुसतं ‘ग्रंथपाल’ आणि पत्ता. तारीख तीस वर्षांपूर्वीची.

मी ती दोनदा वाचली. कोणाच्याही तोंडी नसलेलं वाक्य स्वतः रचून पाठवणारे हौशी लोक असतात, त्यातलंच असेल. पण आमचा नियम असा की शंका आली तर पाठवणाऱ्याला विचारायचं, आणि तो पत्ता माझ्या घरच्या वाटेपासून दोन गल्ल्या आत होता. माणूस अजून तिथे असेल असं मला अजिबात वाटत नव्हतं. तरी एक वाजता कार्यालय सुटलं तशी मी गेले.

३

तिसरा मजला. दार सताड उघडं, ते मिटू नये म्हणून खाली जाडजूड पुस्तकांचा गठ्ठा लावलेला. आत एक वयस्कर बाई खिडकीजवळ बसल्या होत्या. मी कुठून आले ते सांगितलं, चिठ्ठी पुढे केली.

"तीस वर्षांनी वाचली?" त्या म्हणाल्या. "वाचणारं कोणी भेटेल असं वाटलंच नव्हतं मला."

त्या एका वाचनालयात ग्रंथपाल होत्या, आता निवृत्त. त्यांनी चहा केला. घर स्वच्छ होतं, उजेडाने भरलेलं, आणि काहीतरी चुकत होतं. काय ते मला चहा अर्धा संपल्यावर कळलं. आतल्या एकाही खोलीला दार नव्हतं. चौकटी होत्या, बिजागऱ्या होत्या, दारं नव्हती. न्हाणीघरालाही नाही.

"सुताराला देऊन टाकली," माझी नजर बघून त्या म्हणाल्या. "उपयोग झाला नाही. दार नसलं तरी ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

त्यांनी कप खाली ठेवला. नवख्या वाचकाला समजावून सांगावं तशा त्या सावकाश बोलायला लागल्या. "एकटा ही स्थिती आहे. माणूसघाणा हा स्वभाव आहे. एकलकोंडा हे त्या दोन्हींतलं नाही. त्याचं तसं केलेलं असतं. आपण दुपारी आत असतो. बाहेरून कडी लागते. आपण उठून दार ढकलतो, तर ते लगेच उघडतं."

"मग लागली कुठे?"

"उघडतं. कधी अडकत नाही. फक्त बाहेर आलं की बाहेरचं थोडं कमी झालेलं असतं."

मला हसू आलं नाही. तसं काही त्या घरात येतच नव्हतं. खिडकीतून ऊन हळूहळू जमिनीवर सरकत होतं आणि त्यांचा आवाज त्या उन्हाबरोबर सरकत होता, इतका मऊ.

"कमी म्हणजे?"

"कोणीतरी आपल्याला धरायला विसरतं. रागाने नाही हो. रागावून विसरले असते तर किती बरं वाटलं असतं." त्या थांबल्या. "मला चार बहिणी आहेत, याच गावात. कोणी विचारलं तर त्या सांगतात, आम्ही चौघी बहिणी. पाचवी मी."

निघताना त्यांनी दाराशी माझा हात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते, पण त्यात दुःख होतं असं नाही. ओझं उतरवल्यावर हमालाच्या चेहऱ्यावर दिसतं तसं काहीतरी होतं.

"मी सांगायला नको होतं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही विचारलंत. घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"दादा, वहिनी, पुतणी."

"पुतणी केवढी आहे?"

"चौदा वर्षांची."

"तिला नका सांगू. मोठ्या माणसाला सांगितलंत तर एक वेळ चालेल. तिला नको."

४

आमचं घर म्हणजे एक लांबट बोळ आणि त्याला लागलेल्या खोल्या. जुन्या बांधणीचं. प्रत्येक दाराला आतून एक कडी, बाहेरून एक. बोळाच्या टोकाला माझी खोली. दादाचं चष्म्याचं दुकान खालीच, तो दुपारी जेवून पुन्हा खाली जातो. वहिनी पडदे शिवते. जेवणं झाली की तिचं मशीन सुरू होतं ते चारपर्यंत, आणि त्या आवाजावर मला लहान मुलासारखी झोप लागते. पुतणीला आम्ही टकळी म्हणतो, कारण तिच्या तोंडाची टकळी झोपेतही चालू असते. माझं लग्न झालं नाही, पण या घरात एकटं वाटायला वेळ कोणाला होता?

गुरुवारची दुपार. वहिनी पिवळ्या कापडाचे पडदे शिवत होती. तिच्या खोलीतून येणारा उजेड बोळभर पिवळा झाला होता. मी दार लोटून पडले होते. मशीन थांबलं. वहिनी दोरा बदलत असेल. त्या शांततेत माझ्या दाराला बाहेरून कडी लागली.

आवाज मोठा नव्हता. सवयीच्या हाताचा होता.

मी उठले, दार ओढलं. ते उघडलं. बोळात कोणी नव्हतं. कडी बाजूला सरळ लोंबत होती, हलतसुद्धा नव्हती. स्वतःवरच चिडले. बाईंनी डोक्यात भरवलं आणि मी ऐकलं, झालं. मी वहिनीच्या खोलीत गेले.

तिने वर पाहिलं आणि क्षणभर, सुईत दोरा घालायला लागतो तेवढाच वेळ, ती नुसती बघत राहिली.

"अगं! तू केव्हा आलीस?"

अर्ध्या तासापूर्वी आम्ही शेजारी बसून जेवलो होतो.

"झोपेत आहेस का वहिनी?" मी म्हटलं.

"असेन बाई," ती हसून म्हणाली. "या पिवळ्या रंगाने डोळे दिपलेत."

५

मी बुद्धीने चालणारी बाई आहे. कोणतीही गोष्ट पुराव्याशिवाय नोंदीत घेत नाही. त्यामुळे पुढच्या तीन आठवड्यांत जे झालं, त्या प्रत्येकाला माझ्याकडे सरळ कारण होतं.

टायपिस्टबाईंनी चहाचे दोनच कप भरले, कारण त्यांचं लक्ष नव्हतं. मोठे संपादक माझ्या टेबलावर आपली छत्री आणि पिशवी ठेवायला लागले, कारण त्यांचं टेबल भरलं होतं. शेजारच्या आजी रोज जिन्यात भेटल्या की माझा दंड धरून गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगायच्या. त्या माझ्या बाजूने भिंतीकडे सरकून निघून गेल्या, कारण त्यांना मोतीबिंदू होता. दर वेळी आदल्या दुपारी कडी लागलेली असायची. दर वेळी दार सहज उघडायचं.

एकदा मी दादाला चहा द्यायला दुकानात गेले. गल्ल्यामागून त्याने मान वर केली आणि अतिशय अदबीने म्हणाला, "या, बसा. नंबर काढायचाय का?"

मी कप हातात घेऊन उभी राहिले.

"दादा," मी म्हटलं.

त्याचा चेहरा हळूहळू जागा झाला. मग तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "चष्म्याच्या दुकानात मलाच चष्मा लागणार म्हणायचा! लोकांना सांगू नकोस हं, धंदा बसेल." मीही हसले. चहा गल्ल्यावर ठेवून वर आले.

त्या संध्याकाळी टेबलावर तीन ताटं होती. "विसरलेच गं," वहिनी म्हणाली आणि चौथं आणायला उठली. तिला खरंच वाईट वाटलं होतं. उठून आत गेली आणि आत कशासाठी आलो तेही विसरली.

मग दुपारी मी झोपायचं सोडलं. बोळात खुर्ची टाकून आपल्याच दाराकडे बघत बसायची. मशीनचा आवाज, पिवळा उजेड, माझं मिटलेलं दार. कडी माझ्या डोळ्यांसमोर होती. पहिल्या दुपारी काहीच झालं नाही. दुसऱ्या दुपारी मला वाटतं मला डुलकी लागली. पापणी उघडली तेव्हा कडी लागलेली होती आणि तिच्या लोखंडावर पाण्याचे थेंब होते. मी हात लावून पाहिले. कोमट होते.

६

एक टकळी तेवढी बदलली नव्हती. ती शाळेतून यायची, माझ्या पलंगावर आडवी पडून पाय भिंतीला लावायची आणि बोलायला लागायची. गणिताच्या बाई, मैत्रिणीचा रुसवा, बसमधला माणूस. तिच्या बडबडीत मी पुन्हा आकार घ्यायची, असं वाटायचं मला.

"आत्या, तू हल्ली गप्प का असतेस?" एका दुपारी तिने विचारलं. "आणि सगळे तुझ्यावर रागावलेत का?"

"कोणी रागावलेलं नाही गं."

"मग? कुठल्या शब्दावर अडलीयेस का?"

ग्रंथपालबाईंचं बोलणं मला आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. आठवलं, शब्दन्‌शब्द आठवलं. पण मी पन्नाशीची शिकली-सवरलेली बाई. शब्द म्हणजे काय सर्दी आहे, याची त्याला व्हायला? हे मी मनात म्हटलं. खरं कारण वेगळं होतं. तीन आठवड्यांत मला कोणी ‘काय झालं’ म्हणून विचारलं नव्हतं, आणि ती विचारत होती.

मी सांगितलं. शब्द कुठून आला असेल इथपासून सुरू केलं. चिठ्ठी, दारं नसलेलं घर, कडी, तीन ताटं. ती पाय खाली घेऊन उठून बसली होती.

"मग कडी लावतं कोण?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"पण कोणीतरी लावत असणारच ना?"

"झोप आता," मी म्हटलं. मला फार हलकं वाटत होतं. कित्येक दिवसांनी मी गाढ झोपले.

७

दुसऱ्या दिवशी टायपिस्टबाईंनी मला खापरपणतूंचा विनोद सांगितला. मी इतकी हसले की त्या जरा चपापल्याच. जिन्यात आजींनी दंड धरून दोन्ही गुडघ्यांची हकिकत सांगितली आणि मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकली. दादाने माझ्यासाठी नवी फ्रेम आणली. "ही घाल, जरा माणसांत ये," म्हणाला. कडी लागणं थांबलं होतं. वहिनीचं मशीन, तिचं गुणगुणणं, खालून येणारे दादाच्या गिऱ्हाइकांचे आवाज, सगळं जागच्या जागी आलं होतं.

मला वाटलं, मन मोकळं केलं म्हणून झालं. मनाचेच खेळ होते. पाचव्या दिवशी हे सांगायला मी ग्रंथपालबाईंकडे गेले.

जिन्यातच हातोडीचा आवाज आला. सुतार न्हाणीघराला नवं दार बसवत होता. आत दोन बायका खळखळून हसत होत्या आणि त्यांच्यामध्ये ग्रंथपालबाई बसल्या होत्या. मला पाहताच त्या उठल्या. मला आत न घेता जिन्यात घेऊन आल्या.

"माझ्या बहिणी," त्या म्हणाल्या, हळू आवाजात. "दोघी आल्या आहेत. बाकीच्या उद्या येणार. मला आता ऐकू येत नाही. तुम्ही येऊन गेलात त्या दिवसापासून." त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "रोज तुमचं नाव मनात येतं. झोप लागत नाही मला."

"अहो, माझंही थांबलं," मी म्हटलं. "तेच सांगायला आले."

त्यांनी आता माझ्याकडे पाहिलं.

"कोणाला सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

मी जिना उतरत होते, मग धावत होते. गल्लीतले लोक बाजूला होऊन मला वाट देत होते. सगळ्यांना मी दिसत होते.

८

घरी टेबलावर तीन ताटं होती. दादा बसला होता, वहिनी वाढत होती, तिसऱ्या ताटासमोरची खुर्ची माझी होती.

"कुठे होतीस? थांबलोय कधीचे तुझ्यासाठी," दादा म्हणाला.

"टकळीचं ताट?" मी विचारलं.

"कोणाचं?" वहिनी म्हणाली.

आणि मग तिच्या हातातला डाव ताटावर आपटला. "अगं बाई गं! असं कसं झालं मला?" ती दादाकडे बघून हसायला लागली आणि हसता हसता तिचे ओठ थरथरले. पण त्या थरथरण्याचाही तिला दोन घासांत विसर पडला.

टकळी बोळात जमिनीवर बसली होती. भिंतीला पाठ, गुडघे छातीशी. शाळेचे बूट अजून पायात. मी तिच्यासमोर उकिडवी बसले. पाच दिवसांत ती एक अवाक्षर बोललेली नव्हती, आणि मला, त्या माणसांत परत आलेल्या मला, ते जाणवलंही नव्हतं.

"आज हजेरीत माझं नाव घेतलं नाही," ती म्हणाली. "मी हात वर केला तरी नाही."

मी तिला उचललं. चौदा वर्षांची मुलगी उचलत नाही कोणी, पण मी उचललं. खोलीत नेऊन पलंगावर बसवलं.

"तुला कडी ऐकू येते?"

तिने मान डोलावली.

"तू बघितलंस कोण लावतं ते?"

"नाही सांगणार. तू घाबरशील."

"सांग मला."

"आत्या, नको."

"मी विचारतेय ना तुला? मला सांग. पहिल्यापासून सांग, काही गाळू नकोस."

बाहेर वहिनीने जेवणं आटोपून मशीन सुरू केलं होतं. टकळीने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि कानात सांगायला लागली. तिने दार थोडं किलकिलं ठेवलं होतं आणि जमिनीवर पालथी पडून बघत होती. आधी पाणी ठिबकल्याचा आवाज आला. मग हात दिसला. कोपरापर्यंत ओला, काम अर्धं टाकून आल्यासारखा. बाही वर दुमडलेली.

"तोंड?"

"वर बघितलं नाही मी." ती थांबली. "पण ती रागावलेली नव्हती, आत्या. आई दुपारी झोपायच्या आधी एकेक दार ओढून घेते ना, तशीच. आपल्याच घरात असल्यासारखी. आणि दार लावताना हळूच ‘हं’ म्हणाली. बाळाला थोपटताना म्हणतात तसं."

"अजून?"

"एवढंच."

"पुन्हा एकदा सांग," मी म्हटलं. कुठे काही उरायला नको होतं. तिने पुन्हा सांगितलं. दुसऱ्या वेळी तिचा आवाज मोकळा झाला होता. मध्येच तिने जांभईसुद्धा दिली.

"भूक लागलीय मला," ती म्हणाली.

"जा मग. आईजवळ जाऊन बस. तिच्याशी बोल, खूप बोल."

ती दारात थांबली. "तू येतेस?"

"आलेच. तू हो पुढे."

मी दार लोटून घेतलं, पुरतं मिटलं नाही. बोळात तिच्या बुटांचे आवाज गेले, मग वहिनीचा आवाज आला. "अगं टकळे! किती वाजले बघ, जेवलीस का तू?" आणि टकळी बोलायला लागली. बोलत राहिली. मी पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होते. आयुष्यात इतकं गोड काही ऐकलं नव्हतं मी.

मशीन थांबलं.

पिवळ्या उजेडात दाराची फट काळसर झाली. मी वर बघायचं ठरवलं होतं, टकळीला जमलं नाही ते. मला दुमडलेली बाही दिसली. तिच्यावर गळ्याचा थोडा भाग, त्यावर घामाने चिकटलेले केस. पुढे हनुवटी होती. हनुवटीच्या वर जे होतं, ते माझ्याकडे बघत नव्हतं. ते बोळाकडे वळलेलं होतं, जिथून टकळीचा आवाज येत होता, त्या दिशेला. मुलं खेळताना आई लक्ष ठेवते, तसं.

"हं," ते म्हणालं, आणि दार ओढून घेतलं.

९

मी दार उघडून बाहेर गेले नाही. जायचं होतं, पण तेवढ्यात दारापलीकडे टकळीचा आवाज आला.

"आई, ही खोली कोणाची?"

"कोणाची म्हणजे? रिकामीच आहे ना," वहिनी म्हणाली. मग जरा थांबून, स्वतःशीच, "बोहारणीला द्यायचे कपडे ठेवलेत वाटतं मी तिथे."

"मग मी घेऊ का अभ्यासाला?"

मी उठले. दार आतून धरलं, दोन्ही तळहात लावून, मग पाठ लावून. बाहेरून कडी निघाली. दार किंचित ढकललं गेलं.

"अडकलंय गं," टकळी म्हणाली.

"फुगलं असेल लाकूड. राहू दे, बाबांना सांगू नंतर."

नंतर बाबांना कोणी सांगितलं नाही. पण टकळीच्या ते मनातून जात नाही. शाळेतून आली की ती रोज एकदा तरी येऊन दार ढकलून बघते. कधी नुसती बोटं लावते, कधी खांदा.

माझं खाणंपिणं कसं होतं विचाराल, तर होतं. घरातले सगळे बाहेर असले की मी बोळात फिरते, वहिनीच्या मशीनवरची धूळ पुसते. कार्यालयातही एकदा जाऊन आले. माझं टेबल भिंतीला लावून त्यावर फुलदाणी ठेवली आहे. ‘एकलकोंडा’ची नोंद छापायला गेली, कोंडा म्हणजे धान्याचा कोंडा असंच त्यात आहे. मोठे संपादक खूश होते.

मला काळजी एकच आहे. टकळी दार उघडून आत आली आणि मी तिला दिसले, तर ती विचारेल. विचारल्याशिवाय राहणारी मुलगीच नाही ती. आणि तिने विचारलं, माझ्या पलंगावर पाय भिंतीला लावून पडली आणि विचारलं, की मला सांगितल्यावाचून राहवणार नाही, हे मी एकदा बघितलं आहे.

ती आता सोळाची झाली. खांदे भरलेत. परवा तिने दार ढकललं तेव्हा माझ्या टाचा जमिनीवरून दोन बोटं पुढे सरकल्या. तिचा जोर वाढतोय, वय वाढीचं आहे. माझा वाढत नाही.

म्हणून हे मी तिच्याऐवजी तुम्हाला सांगितलं, पहिल्यापासून, काही न गाळता. तुम्ही मोठे आहात असं मी धरून चालले आहे.